मामांच्या कारखान्यातलं वायफाय: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन, आणि तिच्यात बिलांचा कॉम्प्युटर: कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच बंद केला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. ती जुनी पडल्यापासून बँकेची साइट नीट उघडत नाही, ई-वे बिल काढताना पान अर्धवट येतं. मशीन मात्र ठणठणीत आहे. "चांगलं चालायलंय की ते, टाकून कशाला द्यायचं?" असं मामा म्हणतात आणि मला ते पटतं. वडिलांच्या वेळचे माग ते अजून पट्टे बदलून, तेलपाणी करून चालवतात. त्यांच्याकडे वस्तू मोडीत काढण्याआधी दहा वेळा विचार होतो.

म्हणून आज त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. एक्सएफसीई डेस्कटॉप घेतला, आणि मशीन हलकं राहावं म्हणून शिफारशीची जादा पॅकेजं टाळली. इंटरनेट नव्हतं, त्यामुळे पूर्ण डीव्हीडीची प्रतिमा घरून पेनड्राइव्हवर उतरवून नेली होती. इन्स्टॉल पाऊण तासात झालं.

इंटरनेटचं काय करायचं, हा खरा प्रश्न. बोर्डावरचा लॅन पोर्ट गेल्या पावसाळ्यात जवळच वीज पडली तेव्हा गेला. राउटर समोरच्या घरात आहे, आणि शेडमधून ओढलेली केबल उंदरांनी दोनदा कुरतडली आहे. मामांनी नव्या पेठेतून ७५० रुपयांचा यूएसबी वायफाय ॲडॉप्टर आणून ठेवला होता. खोक्यावर "६०० एमबीपीएस" आणि खाली विंडोजच्या आवृत्त्यांची यादी. लिनक्सचं नाव नाही. लावला. हिरवा दिवा लागला, बाकी काही नाही. वायफायचा पर्यायच दिसत नाही.

जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्राची तारीख २०. तेवढ्यात हे उभं राहायला हवं.

७ जानेवारी, रविवार

आज ठरवून एक शिस्त पाळली: काहीही बदलण्याआधी मशीन काय सांगतंय ते वाचायचं. ॲडॉप्टर यूएसबीला दिसतो का? दिसत असेल तर कोण म्हणून दिसतो? त्याला ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्राम) लागला का? फर्मवेअर (चिपच्या आत चालणारी आज्ञावली) चढलं का? नेटवर्कची यादी येते का? जोडणी होते का? एकेक पायरी खात्रीची झाली की मगच पुढची.

यूएसबीला काय लावलंय ते दाखवणारी "एलएसयूएसबी" ही आज्ञा चालवली. ॲडॉप्टर दिसतो. ओळख क्रमांक ०बीडीए:१ए२बी, आणि पुढे नाव "आरटीएल८१८८जीयू, ड्रायव्हर सीडीरॉम मोड". ०बीडीए म्हणजे रियलटेक. संध्याकाळचे दोन तास मी ८१८८जीयू या चिपच्या मागे घालवले आणि ते फुकट गेले. खरी खूण नावाच्या शेवटी होती: सीडीरॉम मोड.

फाइल मॅनेजरमध्ये एक छोटी डिस्कही आली होती, आत विंडोजची सेटअप फाइल. म्हणजे हा ॲडॉप्टर आधी स्वतःला सीडी म्हणवतो, म्हणजे ड्रायव्हरसाठी वेगळी सीडी द्यावी लागत नाही. विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की तोच त्याला सीडीतून बाहेर काढून वायफाय बनवतो. लिनक्सवर ही अदलाबदल कोणी केलीच नाही तर तो आयुष्यभर सीडीच राहणार. शिवाय रियलटेकच्या अनेक चिप सीडी-अवस्थेत हाच १ए२बी क्रमांक वापरतात. यादीत नाव एकाच चिपचं नोंदलेलं आहे, त्यामुळे ते नाव वाचून चिप ओळखता येत नाही.

टर्मिनलमधून त्या "सीडी"ला "इजेक्ट" म्हटलं. डिस्क गेली, दिवा विझला, दोन सेकंदांनी परत लागला. पुन्हा एलएसयूएसबी: ०बीडीए:सी८११. ही आरटीएल८८११सीयू. एकच अँटेना, ५ गिगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ४३३ आणि २.४ वर १५० एमबीपीएस. बेरीज ५८३, तिचेच खोक्यावर ६०० झाले. दोन्ही फ्रिक्वेन्सी-पट्टे एका वेळी वापरता येत नाहीत, तेव्हा ६०० हा आकडा कुणालाही कधी दिसणार नाही. घेणाऱ्याला हे खोक्यावरच सांगायला हवं.

वायफाय अजून नाही. ड्रायव्हर लागलेला नाही. पण आता आपण कोणाशी बोलतोय ते कळलं.

९ जानेवारी, मंगळवार

फोनच्या यूएसबी टेदरिंगवरून इंटरनेट घेतलं. अँड्रॉइड फोन केबलने लावून टेदरिंग चालू केलं की डेबियनला तो लगेच नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, या कोंडीतून बाहेर पडायचा हा सगळ्यात सोपा रस्ता.

पहिलं काम म्हणून "यूएसबी-मोडस्विच" हे पॅकेज टाकलं. शिफारशीची पॅकेजं टाळली नसती तर ते कदाचित आधीच आलं असतं. ॲडॉप्टर काढून लावला: सीडीतून वायफायमध्ये जाणं आता आपोआप होतं.

मग ड्रायव्हर. डेबियन १२ चं कर्नल, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा लिनक्सचा गाभा, ६.१. त्यात रियलटेकच्या या पिढीसाठी आरटीडब्ल्यू८८ नावाचा ड्रायव्हर आहे, पण मॉड्यूलच्या (कर्नलला जोडायच्या ड्रायव्हर-तुकड्यांच्या) फोल्डरमध्ये पाहिलं तर सगळी नावं पीसीआय कार्डांची. ८८२१सीई आहे, ८८२१सीयू नाही. हीच चिप लॅपटॉपच्या आत कार्ड म्हणून बसली असती तर चालली असती, यूएसबीवर आली म्हणून अडली. आरटीडब्ल्यू८८ ला यूएसबीची जोड पेंगुट्रॉनिक्सच्या साशा हाउअर यांनी दिली आणि ती कर्नल ६.२ मध्ये आली. ६.२ प्रसिद्ध झालं १९ फेब्रुवारी २०२३ ला. डेबियन १२ ने दीर्घकाळ सांभाळलं जाणारं ६.१ धरलं, आणि आपला ॲडॉप्टर एका आकड्याने हुकला.

बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्थिर डेबियनसाठी नवी पॅकेजं ठेवणाऱ्या भांडारातून, ६.५ कर्नल घेतलं. मशीन परत चालू केलं. या वेळी ड्रायव्हर ॲडॉप्टरला लागला, पण कर्नलच्या संदेशांत लाल ओळ: "आरटीडब्ल्यू८८२१सी_एफडब्ल्यू.बिन" ही फाइल चढवता आली नाही, चूक उणे २. उणे २ म्हणजे फाइल जागेवर नाही, एवढाच अर्थ. चिप बिघडली असं नव्हे. डेबियन १२ चा इन्स्टॉलर गरजेचं फर्मवेअर आपण होऊन टाकतो, पण त्या वेळी हा ॲडॉप्टर सीडीच्या वेशात होता, त्याला फर्मवेअर हवं हे इन्स्टॉलरला कसं कळणार? "फर्मवेअर-रियलटेक" पॅकेज टाकलं.

रात्री साडेनऊला यादी आली! मामांचा राउटर, शेजारच्या कारखान्याचा, समोरच्या चहाच्या टपरीवाल्याचा हॉटस्पॉट, सगळे. मी मामांना हाक मारली.

१० जानेवारी, बुधवार

जोडणी होत नाही.

यादी येते, पासवर्ड स्वीकारतो, मग गोल गोल फिरत राहतो आणि पुन्हा पासवर्ड विचारतो. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटेल की पासवर्डच चुकतोय. कर्नलचे संदेश मात्र वेगळं सांगतात: राउटरला "ऑथ" पाठवलं, प्रयत्न तीनपैकी पहिला. मग दुसरा. मग तिसरा. मग "टाइम्ड आउट". पासवर्डची पाळी याच्यानंतर येते. इथे पहिल्या नमस्कारालाच उत्तर मिळत नाही.

तरी एकेक शक्यता काढत गेलो. राउटरवर डब्ल्यूपीए३ बंद करून साधं डब्ल्यूपीए२ ठेवलं. तेच. फोनचा हॉटस्पॉट विनापासवर्ड उघडा ठेवून मशीनच्या शेजारी धरला. तेच. पट्टा २.४ केला, ५ केला, चॅनेल बदललं. दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून पाहिला. नेटवर्क मॅनेजर शोध घेताना मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) बदलत राहतो आणि काही रियलटेक ड्रायव्हरांना ते झेपत नाही, म्हणून तेही बंद केलं. तरी तेच. शेवटी माझ्या विंडोज लॅपटॉपला ॲडॉप्टर लावला: अर्ध्या मिनिटात जोडला गेला.

म्हणजे वस्तू चांगली, राउटर चांगला, पासवर्ड बरोबर. दोष कर्नल ६.५ मधल्या ड्रायव्हरमध्येच. ऐकू येतंय पण बोलता येत नाही, अशी त्याची अवस्था.

मामा दोनदा डोकावून गेले. "अजून होईना का बे ते?" त्यांच्या आवाजात त्रागा नव्हता, काळजी होती. ३बी भरायचे कागद त्यांनी टेबलावर लावून ठेवलेत.

१६ जानेवारी, मंगळवार

मधले दिवस सिद्धेश्वरांच्या यात्रेचे. कारखाना बंद, कामगार नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. मीही अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याच्या गर्दीत होतो. इतकी माणसं एका वेळी अक्षता टाकतात तेव्हा मनात दुसरं काही उरत नाही, आणि परत आल्यावर डोकं खरंच मोकळं झालेलं होतं.

आज वेगळा रस्ता धरला. कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरचा नाद सोडून रियलटेकच्या मूळ स्रोतावर उभा असलेला, कर्नलच्या बाहेर सांभाळला जाणारा ८८२१सीयू ड्रायव्हर घ्यायचा. त्यासाठी पुन्हा मूळ ६.१ वर आलो. बॅकपोर्ट्सचं कर्नल काढून टाकलं, कारण एका ॲडॉप्टरवर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगितला तर कोण जिंकेल याचा भरवसा नाही.

लागलं ते असं: कंपायलरचा संच, चालू कर्नलची हेडर पॅकेजं (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली), आणि डीकेएमएस. डीकेएमएस ही डेलमध्ये तयार झालेली व्यवस्था. बाहेरच्या मॉड्यूलचा स्रोत ती जपून ठेवते आणि कर्नल बदललं की त्याच्यासाठी मॉड्यूल नव्याने बांधते. याशिवाय बाहेरचा ड्रायव्हर टाकणं म्हणजे पुढच्या अपडेटला मामांचं इंटरनेट बंद पाडण्याची आजच तजवीज करून ठेवणं.

बांधणीला या मशीनवर बारा मिनिटं लागली. मध्ये एकदा वीज गेली, यूपीएसने तारलं. शेवटी चूक न येता संपलं. मॉड्यूल चढवलं. या ड्रायव्हरचं फर्मवेअर त्याच्या पोटातच असतं, वेगळी फाइल लागत नाही. नवीन इंटरफेस आला, "डब्ल्यूएलएक्स" आणि पुढे मॅक पत्त्याची बारा अक्षरं. नाव लांबलचक, पण ॲडॉप्टर कुठल्याही पोर्टात लावला तरी तेच राहतं, हे इथे सोयीचं आहे.

पासवर्ड टाकला. चार सेकंदांत जोडलं गेलं.

मी ताबडतोब काही बोललो नाही. आधी दहा मिनिटं पिंग (डेटाची छोटी पाकिटं पाठवून उत्तर येतं का ते पाहणं) चालू ठेवलं. एकही पाकीट गळलं नाही. मग मामांना बोलावलं. त्यांनी खुर्चीत बसून बँकेची साइट उघडली, पान पूर्ण येईपर्यंत पडद्याकडे पाहत राहिले, आणि आत हाक मारून चहा सांगितला.

पुढच्यांसाठी एक टीप. या मशीनला साधं बायोस आहे म्हणून सुटलो. नव्या मशीनवर सिक्युअर बूट चालू असेल तर असं घरी बांधलेलं मॉड्यूल सहीशिवाय चढत नाही. त्याची किल्ली मशीनमध्ये नोंदवावी लागते, आणि ते काम पुन्हा चालू होतानाच्या निळ्या पडद्यावर करायचं असतं. तो पडदा घाईत ओलांडला की सगळं नीट बांधूनही वायफाय येत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

माग सुरू. केबिनमध्ये सिग्नल उणे ८१ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), पिंगमध्ये दहातली दोन पाकिटं गळतात. ॲडॉप्टर कॅबिनेटच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्या फटीत आहे. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो काचेच्या वरच्या चौकटीवर नेला: उणे ६६. गळती थांबली. राउटरचे ५ आणि २.४ वेगळ्या नावांनी केले आणि मशीनला २.४ वरच ठेवलं. मध्ये दोन भिंती आहेत आणि ५ त्यांच्यापलीकडे थकतो. २८-३० एमबीपीएस मिळतात, बिलांना भरपूर.

सुताची धूळ बसू नये म्हणून अण्णांनी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरनी, त्याच्यावर मलमलच्या कापडाची सैल टोपी शिवून घातली. मी घट्ट प्लॅस्टिक गुंडाळणार होतो. ते म्हणाले, "गरम होतं ना हे? मग श्वास घेऊ द्या त्याला." बरोबर होतं त्यांचं. हात लावला तर तो चांगलाच तापलेला होता.

१९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी जेवायच्या सुट्टीनंतर मशीन तसंच पडून होतं तेव्हा जोडणी झोपी गेली, हलवून जागी करावी लागली. वीजबचतीचा प्रकार. ड्रायव्हरच्या पर्यायांत पॉवर मॅनेजमेंट शून्य केलं, आणि नेटवर्क मॅनेजरमध्ये वायफाय पॉवरसेव्हला २ दिलं. इथे २ म्हणजे "बंद", हे नीट वाचून घ्यावं, नाहीतर मोठा आकडा म्हणजे जास्त बचत असं वाटतं.

२० जानेवारी, शनिवार

३बी भरलं. पोर्टल दिवसभर सावकाश होतं, जोडणी एकदाही तुटली नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मामांचा फोन: वायफाय गेलं.

चूक माझी. परवा डेबियन १२.५ आलं, त्याबरोबर ६.१.७६ कर्नल (डेबियनच्या नावात ते ६.१.०-१८, आधीचं ६.१.०-१७). रात्री अपडेट झालं, सकाळी मशीन नव्या कर्नलवर उठलं, आणि डीकेएमएसने नवं मॉड्यूल बांधलेलंच नव्हतं. कारण १६ तारखेला मी हेडर पॅकेज त्या दिवशी चालू असलेल्या कर्नलचं, आवृत्तीच्या नावानिशी टाकलं होतं. टाकायला हवं होतं ते "लिनक्स-हेडर्स-एएमडी६४", जे प्रत्येक कर्नलबरोबर त्याची हेडर आणतं. हेडर नाहीत, तर बांधणार कशावर?

मामांना फोनवर सांगितलं: मशीन चालू करताना ग्रबच्या (कर्नल निवडायच्या) यादीत "ॲडव्हान्स्ड" निवडा, त्यात शेवटी १७ असलेली ओळ घ्या, १८ ची नको. त्यांनी चष्मा लावून, एकेक अक्षर मला वाचून दाखवत ते केलं. वायफाय आलं. संध्याकाळी जाऊन योग्य पॅकेज टाकलं, मॉड्यूल बांधून घेतलं, १८ वर तीनदा चालू-बंद करून पाहिलं. जुनं कर्नल काढलेलं नाही आणि काढणार नाही. ग्रबमधली ती ओळ कुठली, हे मामांनी स्वतःच्या हाताने लिहून केबिनच्या भिंतीवर लावलंय.

२ जून, रविवार

मे महिना गेला. पत्र्याच्या शेडखाली दुपारी बसवत नाही, पण ॲडॉप्टर तगला. टोपी बदलली.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

डेबियन १३ या महिन्याच्या ९ तारखेला आलं, कर्नल ६.१२. गणपती बुधवारी बसणार, त्याआधी हे काम उरकायचं ठरवलं.

बाहेरचा ड्रायव्हर काढून कर्नलमधला आरटीडब्ल्यू८८ पुन्हा तपासायचा होता. आधी डीकेएमएसमधून ८८२१सीयू काढला. त्याच्याबरोबर आलेली मनाई-यादीही काढली, नाहीतर तो गेल्यावरही ती कर्नलच्या ड्रायव्हरला दारातच अडवते. फर्मवेअर होतंच. मशीन चालू केलं. यादी आली. पासवर्ड दिला, आणि तीन सेकंदांत जोडणी झाली. ऑथचा पहिलाच प्रयत्न, पहिलंच उत्तर.

त्या जानेवारीतला दोष नेमका काय होता ते आता वाचलं. काही ८८२१सीयू आणि ८८११सीयू चिप चालू झाल्यावर सिस्टिम स्टेटस रजिस्टरमधला ८ क्रमांकाचा बिट पुसावा लागतो. बाहेरचे ड्रायव्हर तो पुसत होते, कर्नलमधला पुसत नव्हता. तो राहिला की चिपला नेटवर्क दिसतात पण जोडणी कोणाशीच होत नाही. नोंदीत दिलेले संदेश आणि माझ्या वहीतले संदेश तंतोतंत तेच. दुरुस्ती २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांतच लिहिली गेली, म्हणजे मी इथे केबिनमध्ये बसलो होतो त्याच सुमारास कुणीतरी तीच गाठ सोडवत होतं. बदल अगदी छोटा.

मामांना सांगताना मी शब्द शोधत होतो. ते उठले आणि शेडच्या मागच्या भिंतीवरून जेकार्डच्या जुन्या पत्त्यांची माळ काढून आणली. त्यांच्या वडिलांच्या चादरीची, मोराच्या नक्षीची. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोऱ्याने एकमेकींना शिवलेल्या, प्रत्येकीवर भोकांच्या रांगा. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. एका पत्त्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे एक भोक कागदाचा तुकडा चिकटवून बुजवलेलं होतं.

"हे एक जास्तीचं पडलेलं. मोराच्या मानेला दर वेळी एक धागा वर यायचा. आमच्या अण्णांनी आठ दिवस माग खोलून पाहिला, बीम बदलला, सूत बदललं. आणि निघालं काय, तर पत्त्यातलं एक भोक."

मी तो पत्ता उजेडात धरून पाहिला. चिकटवलेला कागद पिवळा पडलाय, पण घट्ट आहे.

वायफायला रात्रभर पिंग लावून ठेवलं आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

रात्रभरात एकही पाकीट गळलं नाही. यूएसबी-मोडस्विच ठेवलं आहे, सीडीतून बाहेर काढायला ते लागतंच. डीकेएमएस, कंपायलर आणि बाहेरच्या ड्रायव्हरचा स्रोत काढून टाकला, स्रोताची एक प्रत पेनड्राइव्हवर मामांच्या ड्रॉवरमध्ये आहे. पॉवरसेव्ह २ तसंच. भिंतीवरच्या कागदावर मामांनी जुनी ओळ खोडून नव्या कर्नलची लिहिली.